विश्लेषण : लग्नानंतर आडनाव बदलणे सक्तीचे आहे का? कायदा काय सांगतो आणि कागदपत्रांत नेमके काय अडते?

लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवरीचे नवे नाव लिहायला पाच मिनिटेही लागत नाहीत. तेच नाव आधार, पॅन, बँक, पासपोर्ट, पीएफ आणि मतदार यादीत उतरायला कधी कधी काही वर्षे जातात. काही जणींच्या बाबतीत ते सगळीकडे कधीच पूर्ण उतरत नाही. दहावीच्या प्रमाणपत्रावर एक नाव, आधारवर दुसरे आणि बँकेच्या पासबुकवर या दोन्हींची सरमिसळ, असे चित्र घरोघरी दिसते.

‘आडनाव बदलावे का?’ हा प्रश्न बहुतेक वेळा भावनेच्या अंगाने विचारला जातो. सासरचा मान, माहेरची ओळख, मुलांचे काय, लोक काय म्हणतील. पण या प्रश्नाला पैसे, नोकरी, वारसाहक्क आणि सरकारी योजना यांचीही बाजू आहे. ती नीट समजून घेतली तर निर्णय कोणताही असो, पुढचा त्रास बराच कमी होतो.

कायद्याने आडनाव बदलणे बंधनकारक आहे का?

नाही. हिंदू विवाह कायदा, १९५५ किंवा विशेष विवाह कायदा, १९५४ यांपैकी कोणत्याही कायद्यात पत्नीने पतीचे नाव किंवा आडनाव लावलेच पाहिजे, अशी तरतूद नाही. लग्न वैध ठरण्याशी आडनावाचा काही संबंध नाही. आडनाव न बदलल्याने पत्नी म्हणून असलेले पोटगीचे, वारसाचे, विम्याचे किंवा निवृत्तिवेतनाचे हक्क कमी होत नाहीत.

नाव हा व्यक्तीच्या ओळखीचा भाग असून राज्यघटनेच्या कलम १९ (१) (अ) मधील अभिव्यक्तिस्वातंत्र्यात तो येतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०२१ मध्ये सीबीएसईच्या प्रमाणपत्रांवरील नावबदलाच्या प्रकरणात म्हटले होते. त्या खटल्याचा लग्नाशी थेट संबंध नव्हता, पण तत्त्व तेच लागू होते. आपण कोणत्या नावाने ओळखले जावे, हे आधी त्या व्यक्तीने ठरवायचे.

मुंबई उच्च न्यायालयानेही कौटुंबिक न्यायालयांच्या नियमांत दुरुस्ती करून एक गोष्ट स्पष्ट केली. वैवाहिक वादाचा दावा दाखल करताना पत्नीवर पतीच्या नावाने किंवा आडनावाने तो दाखल करण्याची सक्ती करता येणार नाही. म्हणजे ज्या नात्यातून बाहेर पडण्यासाठी ती न्यायालयात आली आहे, त्याच नात्याचे नाव लावूनच आत यावे, असे न्यायालयाचे म्हणणे नाही.

मग ‘बदलावेच लागते’ हा समज आला कुठून?

प्रथेतून आणि फॉर्ममधून. महाराष्ट्रात नावाचे तीन भाग असतात : स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव. लग्नानंतर यातले दोन भाग बदलतात. सासरी पहिले नावही बदलले तर तिन्ही. देशात सगळीकडे असे होत नाही. तमिळनाडूत आडनावाऐवजी वडिलांच्या नावाचे आद्याक्षर लावण्याची पद्धत आहे. शीख स्त्रियांच्या नावात ‘कौर’ लग्नाआधी आणि नंतरही राहते. मेघालयातील खासी समाजात तर कुळाचे नाव आईकडून येते. त्यामुळे ‘आपल्या संस्कृतीत असेच असते’ असे म्हणताना कोणत्या भागातील आणि कोणत्या समाजातील संस्कृती, हेही सांगावे लागते.

महाराष्ट्रात पहिले नाव बदलण्याची प्रथा किती रुजलेली होती, हे दोन नावांवरून कळते. डॉ. आनंदीबाई जोशी यांचे माहेरचे नाव यमुना. त्यांचे माहेरचे आडनावही जोशीच होते, त्यामुळे लग्नानंतर आडनाव तेच राहिले आणि बदलले ते पहिले नाव. रमाबाई रानडे याही मूळच्या यमुना, कुर्लेकरांच्या घरातल्या. आज आपण दोघींना ज्या नावांनी ओळखतो, ती सासरी मिळालेली नावे आहेत.

लेखिका मालतीबाई बेडेकर यांचे उदाहरण आणखी वेगळे. माहेरच्या बाळूताई खरे. १९३३ मध्ये ‘कळ्यांचे निःश्वास’ प्रसिद्ध झाले ते ‘विभावरी शिरूरकर’ या टोपणनावाने. पुढे विश्राम बेडेकर यांच्याशी लग्न झाल्यावर त्या मालतीबाई बेडेकर झाल्या. एकाच लेखिकेची तीन नावे आणि त्यांपैकी वाचकांच्या मनात घर केलेले नाव तिने स्वतः निवडलेले.

उलट उदाहरण आशा भोसले यांचे. मंगेशकर घराण्यात जन्म, गणपतराव भोसले यांच्याशी लग्नानंतर भोसले. तो संसार मोडला, पुढे राहुल देव बर्मन यांच्याशी लग्न झाले, तरी रेकॉर्डवरचे नाव ‘आशा भोसले’च राहिले. आडनाव पतीकडून आले असले तरी काही वर्षांच्या कामानंतर ते नाव त्या बाईचेच होते, हे यातून दिसते.

राज्य सरकारचा २०२४ चा निर्णय काय आहे?

राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये सरकारी कागदपत्रांत आईचे नाव लावणे बंधनकारक केले. १ मे २०२४ रोजी किंवा त्यानंतर जन्मलेल्या बालकाच्या नावाचा क्रम ‘बालकाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव, आडनाव’ असा ठरला. शैक्षणिक कागदपत्रे, महसुली कागदपत्रे, वेतनचिठ्ठी, सेवापुस्तक यांत तो लागू आहे.

त्या निर्णयाची बरीच चर्चा झाली, पण विवाहित स्त्रियांबद्दलच्या दोन ओळी मागे पडल्या. पहिली अशी की, विवाहित स्त्रीच्या बाबतीत ‘तिचे नाव, पतीचे नाव, आडनाव’ ही प्रचलित पद्धत सुरू राहील. दुसरी अशी की, स्त्रीला विवाहापूर्वीच्या नावाने मालमत्तेच्या दस्तऐवजात नाव नोंदवण्याची मुभा असेल.

दुसरी ओळ महत्त्वाची आहे. हिंदू वारसा कायद्यातील २००५ च्या दुरुस्तीने वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीला मुलाइतकाच हक्क जन्मतः मिळाला. पण सातबारावर वारस म्हणून नाव लागताना ‘ही अमुक आडनावाची बाई या घरची मुलगी कशावरून?’ हा प्रश्न तलाठी कार्यालयात येतोच. माहेरच्या नावाने नोंद करण्याची मुभा असेल तर तो दुवा सुटत नाही. लग्नानंतर आडनाव बदलले असले तरी वडिलांच्या मालमत्तेत माहेरचे नाव लावण्याचा आग्रह धरता येतो, हे अनेक जणींना माहीतच नाही.

आडनाव बदलायचे असेल तर क्रम काय ठेवावा?

गोंधळ बहुतेक वेळा क्रम चुकल्याने होतो. साधारण क्रम असा ठेवावा :

१. विवाह नोंदणी : महाराष्ट्रात विवाह नोंदणीसाठी १९९८ चा स्वतंत्र कायदा आहे आणि लग्नानंतर ९० दिवसांत नोंदणी करणे अपेक्षित आहे. उशिरा नोंदणी होते, पण दंड पडतो. पुढच्या जवळपास प्रत्येक बदलासाठी हेच प्रमाणपत्र लागते. अर्जात नावांचे स्पेलिंग आधीच्या कागदपत्रांप्रमाणेच आहे ना, हे सही करण्याआधी तपासावे. येथे झालेली एका अक्षराची चूक पुढे सगळीकडे जाते.

२. आधार : विवाह प्रमाणपत्राच्या आधारे आधारवरील नाव बदलता येते. मात्र नावात बदल आयुष्यात दोनदाच करता येतो. त्यानंतरच्या बदलासाठी प्राधिकरणाच्या प्रादेशिक कार्यालयाची विशेष परवानगी आणि राजपत्र अशी वेगळी वाट धरावी लागते.

३. पॅन : आधार आणि पॅनवरील नाव जुळायला हवे. त्यामुळे आधारनंतर लगेच पॅन बदलावे. नाव बदलले तरी पॅन क्रमांक तोच राहतो.

४. बँक, म्युच्युअल फंड, विमा : रिझर्व्ह बँकेच्या केवायसी नियमांनुसार, जुन्या नावाचे ओळखपत्र असले तरी राज्य सरकारने दिलेले विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्र सोबत जोडल्यास ते वैध मानले जाते. ‘आधी सगळे बदलून आणा, मग या’ असे काउंटरवर सांगितले गेल्यास या नियमाचा उल्लेख करता येतो.

५. पीएफ, मतदार यादी, पासपोर्ट : यूएएनमधील नाव आधारशी जुळले नाही तर पैसे काढताना दावा अडकतो. मतदार यादीतील दुरुस्तीसाठी फॉर्म ८ असतो. पासपोर्टवर नवे नाव हवे असल्यास विवाह प्रमाणपत्र किंवा पती-पत्नीचे संयुक्त प्रतिज्ञापत्र चालते.

लग्नानंतर लगेच परदेशी जायचे असेल, तर पासपोर्ट, व्हिसा आणि तिकीट या तिन्हींवर एकच नाव हवे. अशा वेळी जुन्या नावाचाच पासपोर्ट वापरून परत येणे आणि मग बदल करणे सोपे जाते.

राजपत्र कधी लागते?

फक्त आडनाव आणि मधले नाव बदलत असेल तर बहुतेक ठिकाणी विवाह प्रमाणपत्र पुरते. पहिले नावही बदलले असेल तर राजपत्र मागितले जाते. राज्यात शासन मुद्रण, लेखनसामग्री व प्रकाशन संचालनालयाच्या संकेतस्थळावर त्यासाठी ऑनलाइन अर्ज करता येतो. जुने नाव, नवे नाव आणि बदलाचे कारण त्यात छापले जाते. सरकारी नोकरी, परदेशातील शिक्षण किंवा मालमत्तेचा व्यवहार पुढे दिसत असेल तर राजपत्र करून ठेवलेले बरे. हा एकच कागद ‘दोन्ही नावे माझीच’ हे कायमचे सांगतो.

आडनाव बदलायचे नसेल तर काय करावे लागते?

खरे तर काहीच नाही. आहे ती सगळी कागदपत्रे तशीच चालतात. पासपोर्टचा मुद्दा अनेकांना अडचणीचा वाटतो. पण परराष्ट्र मंत्रालयाने डिसेंबर २०१६ मध्ये नियम सोपे करताना विवाहित अर्जदारांना विवाह प्रमाणपत्र देण्याची अट काढली. एप्रिल २०१७ मध्ये पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनीही जाहीर भाषणात सांगितले होते, की लग्नानंतर महिलांना पासपोर्टवरील नाव बदलण्याची गरज नाही.

पॅनच्या बाबतीत तर गंमतच आहे. पॅन कार्डावर विवाहित महिलेसाठीही वडिलांचे नाव लागते, पतीचे नाही. शिवाय दहा अक्षरी पॅन क्रमांकातील पाचवे अक्षर हे व्यक्तीच्या आडनावाचे इंग्रजी आद्याक्षर असते. पाटील आडनावाने पॅन काढलेली मुलगी लग्नानंतर देशमुख झाली, कार्डावरचे नावही बदलले, तरी क्रमांकातले पाचवे अक्षर ‘पी’ ते ‘पी’च राहते. प्राप्तिकर विभागाच्या नोंदीत माहेर असे कायमचे राहून जाते.

अडचण येते ती नियमात नसलेल्या ठिकाणी. मुलाचा शाळाप्रवेश, रुग्णालयातील संमतिपत्र, भाड्याच्या घराचा करार, हॉटेलातील नोंद. आडनाव वेगळे दिसले की ‘नाते काय?’ असे विचारले जाते. त्यासाठी विवाह प्रमाणपत्राची स्कॅन प्रत फोनमध्ये, शक्यतो डिजिलॉकरमध्ये असावी. आडनाव बदलले नाही तरी विवाह नोंदणी मात्र करावीच. नाते सिद्ध करणारा कागद तोच आहे, आडनाव नव्हे.

खरी अडचण कोणाची होते?

पूर्ण बदलणारीची कमी होते, अजिबात न बदलणारीची त्याहून कमी. अडते ते अर्धवट बदललेल्या नावांचे.

याचे कारण तांत्रिक आहे. पूर्वी कारकून कागद पाहायचा, दोन प्रश्न विचारायचा आणि पुढे सरकवायचा. आता पडताळणी संगणक करतो. दोन नोंदींतील नाव अक्षरशः जुळते का, एवढेच तो पाहतो. माहेरचे आणि सासरचे नाव एकाच बाईचे आहे, हे त्याला कोणी सांगितल्याशिवाय कळत नाही. अनुदान, पीएफ, विमा, गुंतवणूक या सगळ्यांचा रस्ता आज या जुळणीतून जातो.

‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजना २०२४ मध्ये सुरू झाली, तेव्हा अर्जातच महिलेचे लग्नापूर्वीचे आणि लग्नानंतरचे पूर्ण नाव असे दोन स्वतंत्र रकाने होते. पैसे मात्र आधार जोडलेल्या बँक खात्यातच येणार होते. राज्यातील लाखो महिलांची कागदपत्रे दोन नावांत विभागलेली आहेत, हे सरकारने अर्ज तयार करतानाच गृहीत धरले होते, असा याचा अर्थ.

नावाचा दुवा तुटला तर काय होऊ शकते, याचे देशातील सर्वात गंभीर उदाहरण आसामचे आहे. राष्ट्रीय नागरिक नोंदणीसाठी (एनआरसी) तेथे प्रत्येकाला १९७१ पूर्वीच्या पूर्वजांशी नाते दाखवावे लागले. मुलग्यांचे आडनाव आणि गाव सहसा तेच राहते. लग्न होऊन दुसऱ्या गावी गेलेल्या स्त्रियांकडे मात्र अनेकदा जन्मदाखला नव्हता, शाळेचा दाखला नव्हता आणि मतदार यादीत नाव होते ते थेट पतीच्या घरचे. वडिलांशी नाते दाखवणारा कागद म्हणून त्यांनी ग्रामपंचायतीचे प्रमाणपत्र दिले. गुवाहाटी उच्च न्यायालयाने ते अवैध ठरवले. पुढे डिसेंबर २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने योग्य पडताळणीच्या अटीवर ते ग्राह्य धरले. ३१ ऑगस्ट २०१९ रोजीच्या अंतिम यादीतून १९ लाखांहून अधिक लोक वगळले गेले. कागदावर माहेर पुसले गेले की बाईला स्वतःचा जन्म कुठला हेही सिद्ध करावे लागते, ही या प्रक्रियेची शिकवण आहे.

जात प्रमाणपत्र आणि आरक्षणाचे काय?

लग्नाने जात बदलत नाही. आरक्षणाचा लाभ जन्माच्या जातीवर मिळतो. उच्चवर्णीय स्त्रीने मागास प्रवर्गातील पुरुषाशी लग्न केले म्हणून तिला आरक्षण मिळत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये स्पष्ट केले. त्याचप्रमाणे मागास प्रवर्गातील स्त्रीची जात आंतरजातीय लग्नाने जात नाही. इतर मागासवर्गासाठी लागणाऱ्या नॉन-क्रीमीलेअर प्रमाणपत्रातही स्त्रीच्या आई-वडिलांची स्थिती पाहिली जाते, पतीची नाही.

म्हणजे जात प्रमाणपत्र, वैधता प्रमाणपत्र आणि गुणपत्रिका हा सगळा पुरावा माहेरच्या नावाचा असतो. स्पर्धा परीक्षेचा अर्ज मात्र सासरच्या नावाने भरला जातो आणि मुलाखतीच्या किंवा कागदपत्र तपासणीच्या दिवशी धावपळ होते. परीक्षेची तयारी सुरू असताना लग्न झाले असेल, तर निवड प्रक्रिया पूर्ण होईपर्यंत कागदोपत्री नाव न बदलणे हा सर्वात सोपा उपाय आहे. बदलले असेल तर राजपत्र हाताशी ठेवावे.

याला दुसरीही बाजू आहे. महाराष्ट्रात आडनावावरून जात ओळखण्याचा प्रयत्न सर्रास होतो. आंतरजातीय लग्नात आडनाव बदलण्याचा आग्रह कधी ‘आता तू आमची’ या मायेतून येतो, तर कधी सुनेची जात चारचौघांत दिसू नये म्हणूनही येतो. काही जणी याच कारणासाठी आडनाव ठामपणे राखतात, तर काही जणी त्याच कारणासाठी सोडतातही. बाहेरून पाहणाऱ्याला दोन्ही निर्णय सारखेच सोपे वाटतात, पण ते तसे नसतात.

दोन्ही आडनावे लावणे हा मधला मार्ग आहे का?

सामाजिकदृष्ट्या आहे. पंकजा मुंडे यांचे नाव सुरुवातीची काही वर्षे ‘पंकजा मुंडे-पालवे’ असेही लिहिले जात असे. कला, पत्रकारिता, अध्यापन या क्षेत्रांत जोड आडनावे आता नवी राहिलेली नाहीत. माहेरच्या नावावर उभी राहिलेली ओळख टिकते आणि सासरचेही नाव येते.

तांत्रिकदृष्ट्या मात्र येथे सर्वाधिक काळजी लागते. एका ठिकाणी दोन आडनावांमध्ये जोडरेघ, दुसरीकडे नुसती मोकळी जागा, तिसरीकडे क्रम उलटा, असे झाले की संगणकाच्या लेखी ती तीन वेगळी नावे होतात. काही ऑनलाइन फॉर्म जोडरेघ स्वीकारतच नाहीत. त्यामुळे कागदोपत्री एकच आडनाव ठेवून समाजमाध्यमांवर, व्हिजिटिंग कार्डवर किंवा लेखनासाठी जोड आडनाव वापरणे अधिक सोयीचे. संशोधन करणाऱ्यांसाठी ‘ऑर्किड’ हा १६ अंकी ओळख क्रमांक आहे. लेखावर नाव कोणतेही असले तरी सगळे संशोधन एकाच व्यक्तीच्या नोंदीत जमा होते.

घटस्फोटानंतर माहेरचे आडनाव परत घेता येते का?

येते. घटस्फोटाच्या हुकूमनाम्याच्या आधारे किंवा राजपत्राद्वारे नाव पूर्ववत करता येते. पण वाट सरळ नाही.

केंद्र सरकारच्या प्रकाशन विभागाच्या एका अधिसूचनेनुसार, विवाहित महिलेला माहेरचे आडनाव पुन्हा लावायचे असेल तर घटस्फोटाच्या हुकूमनाम्याची प्रत किंवा पतीचे ना हरकत प्रमाणपत्र मागितले गेले. या अटीला फेब्रुवारी २०२४ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात आव्हान देण्यात आले आणि न्यायालयाने केंद्राकडून उत्तर मागितले. मुद्दा साधा आहे. पतीचे आडनाव लावताना कोणाची परवानगी लागत नाही, मग ते काढताना पतीची सही कशाला? शिवाय घटस्फोटाचा दावा अनेक वर्षे चालू असलेल्या बाईने या दोन कागदांपैकी कोणता आणायचा?

येथे आधारची ‘दोनदाच’ ही मर्यादाही आठवावी. लग्नानंतर एक बदल, घटस्फोटानंतर दुसरा. पुढे पुनर्विवाह झाला आणि पुन्हा नाव बदलावेसे वाटले तर नेहमीचा मार्ग बंद झालेला असतो. स्पेलिंगच्या दुरुस्तीत आधीच एक संधी खर्च झाली असेल तर अडचण त्याही आधी येते. पुरुषाच्या आयुष्यात याच घटना घडल्या तरी त्याचे नाव एकदाही बदलत नाही. नियम कागदावर दोघांना सारखाच आहे, पण त्याचा भार एकीवरच पडतो.

मुलांच्या आडनावाचे काय?

आईने आडनाव न बदलल्यास मुलांना अडचण येईल, हे सर्वात जास्त ऐकू येणारे कारण. प्रत्यक्षात मुलाच्या जन्मदाखल्यावर आई आणि वडील दोघांची नावे स्वतंत्रपणे असतात. आईचे आडनाव वेगळे असल्याने दाखला अडत नाही. फक्त जन्माच्या वेळी रुग्णालयात दिलेले आईचे नाव तिच्या आधारप्रमाणेच आहे याची खात्री करावी. नातेवाइकांनी घाईत सासरचे नाव सांगितले आणि आधार माहेरच्या नावाचे निघाले, तर दाखल्याच्या दुरुस्तीसाठी फेऱ्या माराव्या लागतात.

मुलाचे आडनाव ठरवण्याच्या अधिकाराबाबत सर्वोच्च न्यायालयाचा जुलै २०२२ मधील निकाल महत्त्वाचा आहे. पतीच्या निधनानंतर पुनर्विवाह केलेल्या आईला, नैसर्गिक पालक म्हणून, मुलाचे आडनाव ठरवण्याचा अधिकार आहे, असे न्यायालयाने त्यात म्हटले.

इतर देशांत काय पद्धत आहे?

टोकाच्या दोन्ही पद्धती आहेत. ग्रीसमध्ये १९८३ पासून आणि कॅनडातील क्वेबेक प्रांतात १९८१ पासून स्त्रिया लग्नानंतरही कायद्याने जन्माचेच नाव ठेवतात. जपानमध्ये उलट. तेथे पती-पत्नीचे आडनाव एकच असणे कायद्याने बंधनकारक आहे. कोणाचे घ्यायचे ते दोघांनी ठरवायचे, पण सुमारे ९५ टक्के जोडप्यांत बदल पत्नीच करते. तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०१५ आणि २०२१ मध्ये हा कायदा वैध ठरवला. ऑक्टोबर २०२५ मध्ये पंतप्रधान झालेल्या सानाए ताकाइची यांचे घर मात्र अपवाद आहे. पतीशी २०२१ मध्ये पुनर्विवाह करताना त्यांच्या पतीने ताकाइची हे आडनाव घेतले.

अमेरिकेत सक्ती नाही. तरीही प्यू रिसर्च सेंटरच्या २०२३ मधील पाहणीत पुरुषाशी लग्न केलेल्या ७९ टक्के महिलांनी पतीचे आडनाव घेतल्याचे सांगितले. १४ टक्के महिलांनी स्वतःचे ठेवले होते. कायदा मोकळा असला तरी प्रथा किती पक्की असते, हे या आकड्यातून दिसते.

आडनाव बदलले म्हणजे घर आपले होते का?

हा प्रश्न कायद्याचा नाही, पण महाराष्ट्राने तो २०२४ च्या लोकसभा निवडणुकीत जाहीरपणे पाहिला. बारामतीत एका बाजूला पवार घरात जन्मलेल्या आणि लग्नानंतर सुळे झालेल्या सुप्रिया सुळे होत्या. दुसऱ्या बाजूला पाटील घरात जन्मलेल्या आणि लग्नानंतर पवार झालेल्या सुनेत्रा पवार. ‘पवारांना मत द्या’ या आवाहनाला उत्तर देताना शरद पवार यांनी ‘मूळ पवार’ आणि ‘बाहेरून आलेले पवार’ असा भेद केला आणि त्यावर मोठा वाद झाला.

राजकारण बाजूला ठेवले तरी त्या वादात अनेक जणींना आपला अनुभव दिसला. लेकीचे आडनाव गेले की ती परक्या घरची. सुनेने आडनाव घेतले तरी वेळ आली की बाहेरची. आपलेपणाची हमी म्हणून आडनाव बदलायला सांगितले जाते, पण ती हमी आडनाव देऊ शकत नाही.

मग बदलावे की नाही?

ज्यांना मनापासून बदलावेसे वाटते त्यांनी जरूर बदलावे. त्यात मागासलेपण नाही. अनेकींना नव्या घराशी नाते जोडण्याची ती आनंदाची खूण वाटते. काहींना माहेरच्या आडनावाशी काहीही ठेवायचे नसते. आणि ज्यांना बदलायचे नाही त्यांनी कोणाला स्पष्टीकरण देण्याचे कारण नाही. कायदा दोघींच्याही बाजूने आहे.

मात्र निर्णय लग्नाआधी, दोघांनी मोकळेपणाने बोलून आणि तिच्या मर्जीने व्हावा. सासरच्या कोणीतरी फॉर्म भरताना परस्पर नवे नाव टाकले आणि तेच पुढे रूढ झाले, असे होऊ नये. एकदा ठरले की ते सगळीकडे सारखे ठेवावे. बदलायचे तर सगळे बदलावे, नाही तर काहीच नाही. दहावीची गुणपत्रिका, जुना पॅन, जात प्रमाणपत्र हे जुन्या नावाचे कागद नव्या नावासोबत जपून ठेवावेत. वडिलांच्या घरातील हक्क, आरक्षण आणि जन्माची ओळख या सगळ्याचा पुरावा त्यातच असतो.

सरकारी यंत्रणेकडून अपेक्षा त्याहून साधी आहे. आधार, पॅन, यूएएन हे सगळे क्रमांक व्यक्तीला आयुष्यभरासाठी दिलेले आहेत. नाव बदलले तरी माणूस तोच आहे, हे ओळखण्यासाठीच ते आहेत. तसे असताना एकाच बाईला प्रत्येक खिडकीवर ‘ती मीच’ हे वेगवेगळे सिद्ध करावे लागते. एका ठिकाणी विवाह प्रमाणपत्र दिले की बाकी सर्व नोंदींत जुने नाव ‘पूर्वीचे नाव’ म्हणून आपोआप दिसावे, ही तांत्रिकदृष्ट्या अशक्य गोष्ट नाही. ती होईपर्यंत आडनाव बदलण्याचे स्वातंत्र्य कायद्यात सगळ्यांना सारखे असले, तरी त्यासाठीच्या रांगेत स्त्रियाच उभ्या राहणार आहेत.